गोल्डफिशसाठी दोन फुटांवरून चार फुटी टँक : कामाच्या नोंदी (एप्रिल ते जून २०२५)

५ एप्रिल, शनिवार

आज मोजमाप. सध्याचा टँक २ बाय १ बाय १ फूट. काठापर्यंत भरला तर ५६ लिटर, पण आम्ही जेमतेम ४८ लिटर भरतो. आत तीन गोल्डफिश : जिलबी (केशरी, साधी लांब शेपटीची), लाडू (ओरांडा) आणि कोळसा (ब्लॅक मूर). नावं मुलीने ठेवली आहेत. आणले तेव्हा बोटाच्या पेराएवढे होते, आज जिलबी शेपटीसकट सहा इंच भरली. वळायला तिला टँकची रुंदी पुरत नाही, म्हणजे अक्षरशः रिव्हर्स घ्यावा लागतो.

थेंबांचं टेस्ट किट आणलं, ३,२०० रुपये. महाग वाटलं, पण पुढच्या सगळ्या नोंदी त्याच्यावरच आहेत. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, ते शून्यच हवेत; नायट्रेट कमी असलेलं बरं. पहिलं रीडिंग (लिटरला मिलिग्रॅममध्ये) : अमोनिया ०.५, नायट्राइट शून्य, नायट्रेट ८० च्या पुढे. पीएच ७.८. दर रविवारी अर्धं पाणी बदलूनही हे आकडे.

ठरलं : ४ बाय १.५ बाय १.५ फूट, १० मिमी काच. बजेट १५ हजार. (हा आकडा लक्षात ठेवा, पुढे हसायला उपयोगी पडेल.)

६ एप्रिल

टँक कुठे ठेवायचा यावर घरात दोन तट. आईचं म्हणणं, खिडकीखाली, म्हणजे उजेड मिळेल. उजेड मिळेल तसं शेवाळही मिळेल, शिवाय खिडकीखाली नुसतीच स्लॅब आहे, बीम नाही.

वजनाचा हिशोब कागदावर मांडला. पाणी सुमारे २२५ किलो. १० मिमी काच चौरस मीटरला २५ किलो, टँकला लागते दोन चौरस मीटरहून थोडी जास्त, म्हणजे ५२ किलो. लोखंडी स्टँड ३० आणि वर भरलेला फिल्टर धरला तर एकूण ३३० च्या आसपास. हे सगळं ०.५६ चौरस मीटरवर. घरांच्या स्लॅबला वापराचा भार चौरस मीटरला २०० किलो धरतात, इथे ६०० च्या घरात जातोय. तो भार सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे एका कोपऱ्यात जास्त झाला म्हणून लगेच काही कोसळत नाही. तरी मी वरच्या मजल्यावरच्या काकांना खाली बोलावलं. ते निवृत्त सिव्हिल इंजिनीअर. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या आणि बेडरूम-हॉलमधल्या भिंतीला, जिच्याखाली बीम जातो, तिला लांब बाजू टेकवून ठेवायला सांगितलं. चहा घेतला, फी घेतली नाही.

१३ एप्रिल

स्टँड आला. दीड इंची चौकोनी पाइप, रेड ऑक्साइड, वर काळा ऑइल पेंट. ६,००० रुपये. वर १८ मिमी वॉटरप्रूफ प्लाय, ९००.

स्पिरिट लेव्हल लावली तर एका टोकाला सात मिमी उतार. फॅब्रिकेटरला फोन करून भांडलो. मग तोच स्टँड उलटा फिरवून ठेवला, तर उतार पुन्हा बाल्कनीकडेच! म्हणजे स्टँड सरळ होता, फरशीलाच बाल्कनीकडे ढाळ दिला आहे. पुन्हा फोन करून माफी मागितली. त्याच्याकडूनच लोखंडी पट्टीचे चार तुकडे कापून आणले आणि दोन पायांखाली सारले. आता फरक एक मिमीच्या आत. प्लॅस्टिकचे किंवा लाकडाचे तुकडे घालू नका, ओल लागली की दबतात किंवा फुगतात.

१९ एप्रिल

टँक आला. ७,२०० रुपये, वाहतूक आणि चार माणसं मिळून ९००. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टँक अडकला, तो उभा करून, मधे रजई घालून फिरवला. त्या पाच मिनिटांचं वर्णन करणार नाही.

प्लायवर १२ मिमी थर्माकोल, त्यावर टँक. तळाची काच खडबडीत प्लायवर थेट ठेवायची नाही, एखादा स्क्रूचा उंचवटासुद्धा पुरतो. आणि टँक ठेवण्याआधी थर्माकोलवर हात फिरवा. मला तिथे भेळेतला शेंगदाणा सापडला.

२० आणि २१ एप्रिल

लीक टेस्ट. आधी एक तृतीयांश भरून चार तास, मग अर्धा, मग पूर्ण. खाली चारही बाजूंनी रद्दी पेपर अंथरले, कारण बारीक गळती फरशीवर दिसत नाही, पेपरवर डाग पडतो.

रात्री अकराला सगळं कोरडं. सकाळी मागच्या डाव्या कोपऱ्याखाली वाटीएवढा ओला डाग. पूर्ण भरल्यावर साधारण नऊ तासांनी. म्हणजे अर्धा भरून, दोन तास पाहून "ओके" म्हणालो असतो तर माशांसकट गळला असता.

सव्वादोनशे लिटर पाणी पाइपने काढून बाल्कनीतल्या कुंड्यांना, बाथरूमच्या पिंपात आणि उरलेलं सोसायटीच्या झाडांना घातलं. एप्रिल महिना, आईचा चेहरा पाहण्यासारखा. काचवाला म्हणाला, टँक परत आणा, करून देतो. त्या वळणावरून पुन्हा? नको. स्वतःच करायचं ठरवलं.

२६ एप्रिल

सिलिकॉनचं काम. यात २४० रुपये वाया गेले. हार्डवेअरच्या दुकानात "पाण्यासाठी सिलिकॉन" मागितलं तर त्यांनी सॅनिटरी सिलिकॉन दिलं. घरी येऊन बारीक अक्षरं वाचली : बुरशीरोधक. बाथरूमच्या सांध्यांना हे उत्तम, माशांना विष. ती ट्यूब आता बेसिनच्या कडेला लागली. मग पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन बुरशीरोधक नसलेलं, काचेच्या टँकसाठी चालणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आणलं. दोन ट्यूब, ५६०.

आधी वाटलं होतं, गळतीच्या जागी वरून एक थर ओढला की झालं. पण जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही. म्हणून आतल्या बाजूने त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तिन्ही सांध्यांचा आतला पट्टा ब्लेडने पूर्ण खरवडला. दोन काचांच्या मधल्या थराला हात लावला नाही, टँक त्याच्यावर उभा आहे. मग ॲसिटोनने पुसलं, मास्किंग टेप लावली, सिलिकॉन भरलं, एकदाच बोट फिरवलं आणि ते ओलं असतानाच टेप काढली. सुकल्यावर टेप काढली तर कड उचलते. हे मला माहीत होतं, तरी एका बाजूची टेप विसरलोच. तो पट्टा पुन्हा केला.

एकूण साडेतीन तास. आता आठवडाभर हात लावायचा नाही.

१ मे

सुट्टी. फिल्टर.

गोल्डफिश खातात तेवढी घाण करतात, आणि तिघं मिळून खातात भरपूर. दुकानात मिळणारा आत बुडवायचा फिल्टर इतक्या टँकला पुरत नाही, स्पंज दोन दिवसांत तुंबतो. कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) चांगला, पण माझ्या बजेटबाहेर होता आणि उघडून धुवायचा आळस मी ओळखून आहे. म्हणून टँकच्या वर ठेवायचा उघडा फिल्टर : बाल्कनीसाठी मिळणारी लांबट प्लॅस्टिकची कुंडी (४८०), तिच्या एका टोकाला पंपाचं पाणी पडणार, दुसऱ्या टोकाला टँक निपलमधून (भोकात बसवून नळी जोडायचा तुकडा) खाली टँकमध्ये परत.

आत क्रमाने : पांढरी वूल (घाण गाळायचा कापसासारखा थर), जाड स्पंज, मग जिवाणूंसाठी जागा. सिरॅमिक रिंग घ्यायला गेलो आणि भाव ऐकून परत आलो. त्याऐवजी भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या जाळीदार घासण्या, ४८ नग, ५७६ रुपये. जिवाणूंना बसायला पृष्ठभाग हवा, तो कशाचा आहे याची त्यांना पर्वा नाही. फक्त स्टीलची किंवा आधीच साबण लावलेली घासणी नको. गरम पाण्यात दोनदा खळबळून घेतल्या. (बायकोने विचारलं, एवढी भांडी कोण घासणार आहे?)

पंप १,६५०. खोक्यावर ताशी २,५०० लिटर. प्रत्यक्षात वर चढवून, दोन एल्बो लावून १५ लिटरची बादली ४८ सेकंदांत भरली, म्हणजे ताशी ११२५. खोक्यावरचा आकडा उंची शून्य धरून असतो. मला टँकच्या पाचपट तरी हवा होता, बरोब्बर तेवढाच मिळाला. नशीब. ३५ वॅट, महिन्याला २५ युनिट.

३ आणि ४ मे

पुन्हा भरला, २४ तास पेपर कोरडे. फिल्टर चालू केला, परतीची २५ मिमीची नळी पाणी आरामात वाहून नेतेय. तोंडावर बारीक जाळी लावली, घासण्या वाहून जाऊ नयेत म्हणून.

५ मे, पहाटे ४

खालच्या काकूंनी बेल वाजवली. त्यांच्या हॉलच्या छतातून ठिबकत होतं.

झालं असं : वूलचा एक पुंजका सुटून जाळीवर बसला, पाणी जायला वाट उरली नाही, पंप मात्र वर ढकलतच राहिला. टँकमधली पातळी साडेसात सेंटिमीटर उतरली होती. आमच्या टँकमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे साधारण सव्वापाच लिटर, तर फरशीवर चाळीस लिटर. पंप तळाला होता, काकू जागच्या नसत्या तर सगळा टँक बाहेर काढून ठेवला असता. मासे अजून जुन्या टँकमध्ये होते एवढंच बरं.

काकूंच्या छताच्या रंगाचे १,५०० दिले. त्यांनी नको नको म्हटलं, पण दिले.

१० मे, शनिवार

दुरुस्ती. दोन बदल. एक, परतीची नळी २५ ऐवजी ४० मिमी, आणि जाळी सपाट न लावता, भोकं पाडलेल्या पाइपचा उभा तुकडा निपलवर बसवायचा, म्हणजे एक बाजू बुजली तरी बाकीची उघडी राहते. दोन, त्याच्याहून तीन सेंटिमीटर वर दुसरी २५ मिमीची नळी, तिला जाळीच नाही. मुख्य वाट बुजली तर पाणी तिथून टँकमध्ये परत. दोन्ही निपल मिळून २६० रुपये. याला फिल्टरचा भाग समजू नका, हा शेजारधर्म आहे.

आणि याच दिवशी सगळ्यात मोठी चूक केली.

योजना अशी होती : जुन्या टँकमधला स्पंज, ज्यात दोन वर्षांचे जिवाणू बसलेत, तो सकाळी काढून सरळ नव्या फिल्टरमध्ये ठेवायचा, उद्या मासे हलवायचे. स्पंज काढला, टँकच्याच पाण्यात, झाकणाच्या बादलीत ठेवला. मग कुंडीला भोक पाडायला घेतलं तर माझ्याकडचा होल सॉ लहान. तो आणायला बाहेर, तिथून परत येऊन पाहतो तर निपलचा वायसर फाटलेला, पुन्हा बाहेर. संध्याकाळी सहाला बादली आठवली. नऊ तास, मे महिना, हवा नाही, वर झाकण. उघडली तर गटारासारखा वास. त्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, वाहतं पाणी लागतं. मी त्यांना डब्यात बंद करून बाजारात गेलो.

बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) टाकला असता तर पुरलं असतं. एअर पंप शेजारीच, जुन्या टँकला लावलेला होता.

११ मे

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण जुना टँक आता फिल्टरशिवाय होता, आणि ४८ लिटरमध्ये अमोनिया साठण्यापेक्षा २२५ मध्ये साठलेला बरा असा हिशोब केला. तो हिशोब अजूनही मला बरोबर वाटतो. स्पंज टँकच्या पाण्यात पिळून, जसा होता तसा नव्यात ठेवला.

जुनं ३० लिटर पाणी आणि बाकीचं नळाचं. क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेटचे खडे (दुकानात "हायपो" म्हणून मागा), १२० रुपयांत वर्षभर पुरतील. १०० ग्रॅम खडे एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवले, त्यातलं १० मिली साठ लिटरला.

मासे जाळीने नाही, पाण्यासकट टोपात घेऊन हलवले. कोळशाचे डोळे बाहेर आलेले, जाळीत घासले जातात. तळाला अंथरायचे दगडी खडे नव्या टँकमध्ये घातले नाहीत. मागे लाडूच्या तोंडात एक खडा अडकून बसला होता, तो चिमट्याने काढावा लागला. तळ उघडा राहिला तर घाणही दिसते.

जिलबी पहिल्या मिनिटाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पोहत गेली आणि काचेवर आपटली. एवढी लांब सरळ रेघ तिने आयुष्यात पाहिली नव्हती.

१४ मे

अमोनिया १.०. पाण्याचं तापमान ३१. पीएच ७.८ आणि इतकं ऊन म्हणजे त्यातला विषारी वाटा हिवाळ्यापेक्षा बराच जास्त. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. खाणं बंद, एअर पंप दिवसरात्र, रोज साठ लिटर बदल.

१५ मे

गुरुवार. पाणी बंद. पुण्यात राहून हे विसरणारा मीच. बाथरूमच्या पिंपात होतं तेवढं, चाळीस लिटर, बदललं. आजपासून बुधवारी रात्री पिंप भरून, थायोसल्फेट घालून ठेवायचं.

सोसायटीच्या बोअरचं पाणी वापरावं असं वॉचमनने सुचवलं. क्लोरीन नसतं हे खरं. पण तपासलं तर त्यातच नायट्रेट ४०. नको.

१७ मे

अमोनिया ०.५, पण नायट्राइट ०.५ दिसायला लागलं. जिलबीच्या पंखांच्या कडांना लाल रेघा. खडे मीठ, आयोडीन नसलेलं, लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने २२५ ग्रॅम, तीन हप्त्यांत विरघळवून घातलं. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. ज्या दिवशी पाणी बदलाल त्या दिवशी फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ घाला. मी एकदा पूर्ण टँकचं घालणार होतो, मुलीने टोकलं.

ऑफिसातल्या एका मित्राकडे निरोगी गोल्डफिश आहेत. त्याच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज मागितला. हडपसरहून सिंहगड रोडपर्यंत दुचाकीवर, ओल्या फडक्यात, झाकण न लावलेल्या डब्यात. पाऊण तास. दुसऱ्याच्या टँकमधून रोगही येऊ शकतो. त्याच्याकडे सहा महिन्यांत नवा मासा आलेला नाही हे विचारूनच घेतला.

२० मे

वळवाचा पाऊस, संध्याकाळी वीज गेली. पावणेतीन तास. घरात सेलवर चालणारा एअर पंप नव्हता. एक तास मगाने पाणी वर उचलून ओतत बसलो, मग मुलगी, मग आई. आईने मग थांबवला नाही, तोंडाने हरिपाठ चालू. वीज आल्यावर फिल्टरमधलं पहिलं मगभर पाणी बाहेर काढून टाकलं. वरचा उघडा फिल्टर असल्याने घासण्या ओल्या आणि हवेत होत्या, वास अजिबात नव्हता. बंद कॅनिस्टर असता तर परवाची बादली पुन्हा झाली असती.

दुसऱ्या दिवशी सेलवरचा एअर पंप आणला, ७०० रुपये.

२४ मे

अमोनिया शून्य. नायट्राइट ०.२५. एक दिवसाआड चार-चार दाणे.

मुलगी सकाळी ओरडत आली, "बाबा, जिलबी करपली!" खरंच, पंखांच्या कडा आणि पोटाजवळ काळे डाग. घाबरलो. पण ज्या जागी लाल रेघा होत्या तिथेच काळं आलंय. अमोनियाने भाजलेली जागा भरताना गोल्डफिशच्या अंगावर असा काळा रंग येतो. म्हणजे बरी होतेय.

१ जून

नायट्राइट शून्य, तीन दिवस सलग. नायट्रेट २०. पाणी बदल आता आठवड्याला एकदा, साठ लिटर. मीठ परत घालायचं नाही, बदलासोबत हळूहळू निघून जाईल.

मासे हलवल्यापासून एकवीस दिवस. त्या शनिवारी बादलीत एअर स्टोन टाकला असता तर यातले बहुतेक वाचले असते.

हिशोब केला. काकूंच्या रंगासकट २४,६८६. यात ४०० स्पंज-वूलचे, बाकीचे वर आलेच आहेत. वाया गेलेलं म्हणावं तर रंग आणि चुकीची ट्यूब, १,७४०. टेस्ट किट मी वाया धरत नाही, बायको धरते.

१५ जून

पाऊस सुरू झाल्यापासून नळाचं पाणी गढूळ येतंय आणि क्लोरीनचा वास जास्त. थायोसल्फेट दीडपट केलं. शिवाय पाणी आदल्या रात्री पिंपात निवळू देतो.

वूल दर चार दिवसांनी बदलावी लागते, दोन आठवडे टिकेल असं वाटलं होतं. घासण्यांना अजून हात लावलेला नाही. त्यांच्यावर तपकिरी, बुळबुळीत थर आलाय. आईला तो बघवत नाही, धुऊन देऊ का म्हणून दोनदा विचारून झालं. कुंडीवर चिठ्ठी चिकटवली आहे : धुवू नये.

२९ जून

जिलबीचे काळे डाग फिकट झाले, शेपटीवर एकच उरलाय. कोळसा एका कोपऱ्यात बसून राहायचा तो आता खाण्याच्या वेळी वर येतो, दिसत नसलं तरी पाण्याच्या हालचालीवरून ओळखतो बहुतेक. लाडू होता तसाच.

आज सकाळी उठलो तर मुख्य नळी बंद आणि वरच्या नळीतून पाणी खळखळत टँकमध्ये पडत होतं. फरशी कोरडी. वूलचा पुंजका पुन्हा सुटला होता, या वेळी उभ्या पाइपला गच्च गुंडाळून बसलेला. तो काढला. आता वूलवर प्लॅस्टिकची जाळी दाबून ठेवायची आहे, तिचं माप घेतलंय : १७ बाय २२ सेंटिमीटर.